पठाणपुरा दरवाजापाशी

ताथवड्यात आमच्या खिडकीतून दिसतात ते टॉवर आणि क्रेन. मुलांना जुने शहर दाखवावे म्हणून सुट्टीत आम्ही चंद्रपूरला गेलो.

गोंड राजांच्या या शहराभोवती सुमारे 11 किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. परकोटावर झाडे-झुडपे माजली होती, मुळे दगड उचकटत होती. मार्च 2017 मध्ये बंडू धोतरे यांच्या इको-प्रो संस्थेने पुरातत्त्व विभागाच्या सहकार्याने सफाई सुरू केली. स्वयंसेवक रोज सकाळी राबत. त्यांनी 200 हून अधिक दिवस खंड पडू दिला नाही. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचे कौतुक केले.

पठाणपुरा दरवाजापाशी आम्हाला एक गोष्ट उमगली. झुडपे आणि कचरा काढणे लोकांचे काम, दगड-चुन्याची डागडुजी जाणकारांचे. आपल्याकडे मात्र नेकनियतीने जुन्या मशिदींना सिमेंट फासतात. मग ओल आतच कोंडते आणि भिंत खंगते.

आमच्या मूळ गावच्या मशिदीच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. “कमिटीने बघावे,” असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो. वाटेतला काटा दूर करणे हाही सदका. मग ही तर बुजुर्गांची अमानत! येत्या जुम्म्याला नमाजनंतर आम्ही कमिटीसमोर बसणार आहोत. आधी परवानगी आणि जाणकाराचा सल्ला, मगच विळा.