मोंढ्यातला धर्मादाय

मोंढ्यात ज्वारी घातली की आडत्याकडून पट्टी हातात यायची. वर वजन आणि भाव, खाली वजावटी: आडत, हमाली, तोलाई आणि सगळ्यात शेवटी धर्मादाय. पोत्यामागे काही पैसेच असत. बाजार समितीच्या कायद्याला ही शेवटची वजावट मान्य नव्हती, पण सेलू असो, मानवत असो की परभणी, त्यावर हुज्जत घालणारा कास्तकार मी तरी पाहिला नाही. देवाधर्माच्या नावानं कापलेल्या पैशावर भांडलं तर भांडणाराच हलका ठरायचा. कापूस 1972 पासून सरकारच्या एकाधिकार खरेदीत गेला होता, तरी ज्वारी, तूर, मूग, भुईमूग मोंढ्यातच यायचे, आणि प्रत्येक पट्टीच्या तळाशी धर्मादाय हजर असायचा.

त्या पैशाचं पुढं काय होई हे मात्र सगळ्या गावाला दिसायचं. उन्हाळ्यात पाणपोई, एखादी धर्मशाळा, गोरक्षण, आणि सुगी उरकल्यावर मोफत नेत्रशिबिर. दारावरच्या संगमरवरी पाटीवर शेटजींच्या मातोश्रींचं नाव. ज्याच्या पोत्यातून पैसे गेले त्याचं नाव कुठंच नाही. गंमत अशी की त्याचीच आई त्या शिबिरात सतरंजीवर पडलेली असायची, आणि तो शेटजींना हात जोडून उभा असायचा.

तरीही त्या शिबिरांना नावं ठेवायला जीव धजत नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असे. वर्गातली बाकं ओट्यावर रचून खाली सतरंज्या अंथरायच्या. आठवडाभर आधी रिक्षाला भोंगा बांधून दवंडी फिरलेली असे. बैलगाड्यांतून, एसटीतून म्हातारी माणसं येत. बाहेरगावाहून आलेले डॉक्टर एका वर्गात डोळे तपासत, दुसऱ्यात मोतीबिंदू काढत. त्या काळच्या पद्धतीत आख्खं भिंगच काढून टाकायचं, डोळ्याला टाके पडायचे, म्हणून रुग्णानं हलायचं नाही, खोकायचं नाही, मान वळवायची नाही. चार-सहा दिवस वर्गाच्या कौलांकडं तोंड करून, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून माणसं ओळीनं निजलेली. नातेवाईक व्हरांड्यात. त्यांच्यासाठी मोठ्या कढईत भात-वरण शिजायचं, हॉटेलवाला चहाची किटली पाठवून द्यायचा, आणि आम्ही पोरं स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पाण्याचे तांबे फिरवायचो. शेटजी स्वतः सकाळ-संध्याकाळ फेरी मारून कुणाला जेवायला मिळालं, कुणाला नाही हे विचारत. देणारा समोर दिसायचा, आणि काही चुकलं तर कुणाला बोलायचं हेही ठाऊक असायचं.

चुकायचंही बरंच. शिबिर उठलं की डॉक्टर निघून जात. महिन्यानं डोळा लाल झाला, पू आला, तर दाखवायचं कुणाला? मोठा दवाखाना म्हणजे नांदेड, अंबाजोगाई नाही तर औरंगाबादची घाटी. भिंग काढलेल्या डोळ्याला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा, आणि सगळी दृष्टी त्या चष्म्यात. माझ्या आजीचा चष्मा वासराच्या लाथेनं फुटला. नवा करायला शहरात जावं लागणार होतं, आणि म्हातारीसाठी कामाचे दोन दिवस मोडणं घरात कुणालाच परवडत नव्हतं. पुढची कित्येक वर्षं ती भिंतीला हात लावून परसदारी जायची. शिबिराच्या अहवालात, तसा काही लिहिला गेला असेल तर, ती यशस्वी शस्त्रक्रियाच असणार.

त्या शिबिरांत बायका कमी असत हे तेव्हा आम्हाला खटकत नसे. म्हाताऱ्या बापाला बैलगाडी जुंपली जाई. आईचं 'पुढच्या वर्षी बघू' असायचं.

हे चित्र पालटलं ते दोन बाजूंनी. जागतिक बँकेच्या कर्जातून 1994 साली सात राज्यांत मोतीबिंदूचा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र त्यात होता. शाळेतली शस्त्रक्रिया थांबली, दवाखान्यात नेऊन डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याची रीत रुजली. दुसरी बाजू आमच्या शेजारची. जालन्याचं श्री गणपती नेत्रालय बद्रीनारायण बारवाले यांनी उभं केलं. बारवाले मूळ हिंगोलीचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्याचे (हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला). त्यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि आमच्याकडच्या शेतांत त्यांच्या पिशव्यांतलं बी वर्षानुवर्षं पडलं. पैसा पुन्हा काळ्या मातीतूनच आला म्हणायचं, पण यावेळी तो दारावरच्या पाटीपाशी संपला नाही. दवाखाना पक्का होता, टाके दुखले तर परत जायला तोच पत्ता होता. आता गावात गाडी येते, माणसं बसतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत येऊन उतरतात. जाड चष्मे दिसेनासे झाले. कढईही गेली आणि पाण्याचे तांबेही. त्याचं मला थोडं वाईट वाटतं, पण आजीच्या बाजूनं विचार केला तर अजिबात नाही.

जालन्याचंच आणखी एक देणं आहे, आणि ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. साठच्या दशकात तिथल्या स्कॉटिश मिशनमध्ये विंधन विहिरी खोदण्याचं काम चालायचं. यंत्रसामग्रीसाठी ब्रिटनमधल्या 'वॉर ऑन वाँट' या संस्थेनं पैसा दिला होता. काळा पाषाण फोडून पाणी वर काढलं, पण बिडाचे हातपंप टिकेनात. ते पंप परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी घडवलेले. इथं पहाटेपासून रात्रीपर्यंत आख्खं गाव दांडा हलवणार. तेव्हा जालन्यात पोलादी दांड्याचा, एकाच खिळीवर फिरणारा पंप घडवला गेला. त्यावरून सोलापूरचा पंप झाला आणि पुढं युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क टू'. बहात्तरच्या दुष्काळानंतर पायविहिरीत उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरणं हळूहळू बंद झालं, आणि मराठवाड्यातल्या नारूच्या जंताची वाटही तिथंच अडली. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण 1996 मध्ये नोंदला गेला. आमच्या वाड्यासमोरच्या पंपाच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या पोरांना स्कॉटलंड कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. देणाऱ्यांनीही तिथं पाटी लावली नव्हती.

आताचे देणारे कायद्यानं देतात. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं, आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं आलं. धर्मादाय पुन्हा पट्टीवर आला, यावेळी राजरोस. पण त्याच कलमात म्हटलंय की कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. आमच्या आसपास काय आहे? कृषी विद्यापीठ, जिनिंगचे कारखाने, साखर कारखाने, आणि पूर्णा जंक्शन. आमच्याकडं खत विकणारी, औषध विकणारी, मोबाईलचं रिचार्ज विकणारी कंपनी इथून पैसा नेते. तिचा आसपास मात्र पुणे, ठाणे, चाकण. दुसरी यादी सरकारची. 2018 मध्ये नीती आयोगानं विकासात मागं पडलेले 'आकांक्षित' जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. मोठे दाते तिकडं वळले, आणि वळायलाच हवेत. परभणी ना कारखान्यांजवळ, ना त्या यादीत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आम्ही ऐटीत म्हणायचो. देणाऱ्यांच्या नकाशावर परभणीपर्यंत पाळीच येत नाही.

जे येतं तेही बहुतेक वस्तूंच्या रूपात. शुद्ध पाण्याचं यंत्र येतं, फीत कापली जाते, आणि फिल्टर बदलायची वेळ आली की कुलूप पडतं. कुठं यंत्र आहे, चालवणारा नाही. कुठं गाडी आहे, चालकाचा पगार नाही. जुन्या शेटजींचीही हीच खोड होती: खोली बांधून द्यायचे, झाडूवालीचा पगार नाही. दगडावर नाव कोरता येतं, पगारपत्रकावर कोण कोरणार?

नव्या दात्यांवर नुसती टीका करणं बरोबर नाही, कारण मोजायला लावलं ते त्यांनी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं नव्वदच्या दशकात गावातल्याच बाईला नवजात बाळाची देखभाल शिकवली. पैसा फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानांचा. तो इमारतीसाठी नव्हता. घरोघर फिरणाऱ्या बायांसाठी आणि वर्षानुवर्षं मृत्यू मोजत राहण्यासाठी होता. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आलं, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या हेच काम करतात. आज पालमच्या नाही तर जिंतूरच्या तांड्यावर आशाताई वजनकाटा, थर्मामीटर आणि वही घेऊन बाळंतिणीच्या बाजेपाशी बसते, 42 दिवसांत सहा-सात फेऱ्या मारते. सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की 250 रुपये, असा तिचा मोबदला ठरला. आमच्या लहानपणी बाजेखाली शेगडी, खोलीत धुरी आणि पाचवीला सटवाईची पूजा. पाचवीच्या आत गेलेलं बाळ कुणी मोजत नसे. आईसुद्धा नंतर नाव काढायची नाही.

पूर्वीचं एक मात्र आजच्या योजनांना जमलेलं नाही. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होते, रुग्णाचं जेवणही मिळतं. पण सोबत गेलेल्याचं काय? देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलेलं जोडपं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर टिकतं. नाही मिळाली तर फूटपाथ, आणि मग उपचार अर्धवट टाकून गावी. परभणीत 2023 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, अंतर थोडं घटेल. तरी बुडालेली मजुरी, घरी सोडलेली लेकरं, गोठ्यातली म्हैस यांचा कुठल्याच पॅकेजात रकाना नाही. कढईभर भात शिजवणाऱ्या शेटजींना, शिक्षण चौथी असून, हे कळत होतं.

दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या टोळ्या ट्रॅक्टरवर बसून ऊसतोडीला निघतात. मागं आशाताईच्या वहीत गरोदर बाईच्या नावापुढं 'स्थलांतरित' एवढा शेरा राहतो. ज्या जिल्ह्यात ती कोयता घेऊन उतरते तिथल्या वहीत तिचं नाव नसतं. राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून असं ठरवलंय; पैसा आहे, किंवा असायला हवा. शेजारच्या बीडमध्ये टोळीतल्याच एका बाईला 'आरोग्य साथी' म्हणून तयार करण्याचा प्रयोग झाला. औषधांची पेटी, थोडं प्रशिक्षण, महिन्याचं लहानसं मानधन. ती बाई सोलापूरला जाते, कोल्हापूरला जाते, कर्नाटकात जाते. एका तालुक्यासाठी तीन वर्षांचा प्रकल्प मागणाऱ्या दात्याला तिच्यासाठी अर्जातला 'कार्यक्षेत्र' हा रकाना कसा भरायचा हे ठरवावं लागेल, आणि तेही टोळीनं मुकादमाकडून उचल घेण्याआधी.