मेगुटीच्या पायथ्याशी

सांगलीहून जमखंडी, बागलकोटमार्गे बदामीला जाणारी वाट अण्णांनी प्रथम तुडवली त्याला आता चौपन्न वर्षे झाली. महाविद्यालयातील संस्कृतच्या प्राध्यापकांनी निवडक विद्यार्थ्यांना ऐहोळेला नेले होते. मेगुटी टेकडीवरील जिनालयाच्या पूर्वेकडील भिंतीवर रवीकीर्तीची प्रशस्ती कोरलेली आहे. तिच्यासमोर उभे राहून अण्णांनी काही ओळी वहीत उतरवून घेतल्या. पुढे शाळेतील नोकरी, संसार, आमची शिक्षणे यांत ती वही कपाटाच्या तळाशी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी ती बाहेर काढली आणि त्या सदतीस श्लोकांचे मराठी करण्यास बसले. अकराव्या श्लोकापर्यंत आले, तोवर डोळ्यांत मोतीबिंदू आणि गुडघ्यांत दुखणे, दोन्ही बरोबरच आले.

गेल्या पौषात ते म्हणाले, "बाळ, एकदा ती भिंत पुन्हा बघायची आहे. चढवेल असे वाटत नाही, पण पायथ्याशी तरी जाऊ."

नेमक्या त्याच दिवसांत माझ्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी निखळली. मी कन्नडमधून मराठीत भाषांतरे करते. घरबसल्या चालणाऱ्या या कामावर घराचा बराच भार आहे, तेव्हा नवे यंत्र घेणे भागच होते. मनात आले की एकच असे घ्यावे, ज्याचा कीबोर्ड लावला की माझा लॅपटॉप आणि काढला की अण्णांची पाटी होईल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी बारीक छपाई त्यांना वाचवत नाही. अक्षर बोटांनी मोठे करता आले तर राहिलेले सव्वीस श्लोक पुरे होतील, अशी माझी आशा होती. पैसे मोजकेच होते आणि चूक झाली तर ती पुढची पाच वर्षे निभवावी लागणार होती.

अण्णांना सांगितले तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. "दोन कामांची एक वस्तू घेतली तर घरातली एक वस्तू खरोखर कमी होते, की दोन्ही कामे अर्धी होतात, हे आधी बघ," ते म्हणाले. प्रवासभर हे वाक्य माझ्या सोबत राहिले.

अशा दुहेरी यंत्रांच्या मुख्यतः दोन जाती आहेत. एकीचा पडदा बिजागरीवर पूर्ण फिरून पाठीमागे दुमडतो. कीबोर्ड मात्र तिथेच, खालच्या बाजूस राहतो. दुसरीत सारे यंत्र पडद्यामागेच असते, पाठीला टेकू असतो आणि पातळ कीबोर्ड चुंबकाने चिकटतो व सुटतो. पुण्याला असलेल्या धाकट्या भावाकडे दुसऱ्या जातीचे एक होते. त्याने ते आठ दिवसांसाठी दिले. दुकानातील दहा मिनिटांत जे कळत नाही ते प्रवासात कळेल, असा आम्ही हिशेब केला.

पहिला धडा बसमध्येच मिळाला. जमखंडी सोडल्यावर मी काम काढले. टेबलावर ऐटीत उभे राहणारे ते यंत्र मांडीवर मात्र राहीना. टेकूची कड गुडघ्यापाशी रुतत होती आणि प्रत्येक खड्ड्याला पडदा मागे कलत होता. टेकूच्या यंत्राला पाठीमागेही जागा लागते आणि बसच्या आसनावर ती मिळत नाही. बिजागरीचा लॅपटॉप अशा वेळी निमूटपणे मांडीवर बसतो. मी कीबोर्ड सोडवला आणि नुसता पडदा अण्णांच्या हाती दिला. त्यांनी तो उभा धरला. भावाने आधीच त्यात 'एपिग्राफिया इंडिका'च्या सहाव्या खंडातील पाने भरून ठेवली होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेले जर्मन संस्कृतज्ञ फ्रान्झ कीलहॉर्न यांनी ऐहोळेच्या या लेखाचे रोमन लिपीतील वाचन त्यात दिले आहे. जुन्या ग्रंथाचे मोठे पान आडव्या, लांबट पडद्यावर अर्धे-अर्धे पाहावे लागते. या पडद्याची लांबी-रुंदी तीनास दोन अशी असल्याने उभे धरताच पूर्ण पान मावले. बागलकोट येईपर्यंत अण्णांनी मान वर केली नाही.

बदामीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरू लागले होते. अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून खोलीत सामान टाकून प्रथम खानावळ गाठली. कांदा-लसणाशिवाय करून दिलेली डाळ, जोंधळ्याची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढे समोर आले. जेवून बाहेर पडलो तेव्हा अगस्त्य तीर्थाच्या पाण्यात तांबड्या कड्यांचे प्रतिबिंब अजून टिकून होते. दिवेलागणीपूर्वी जेवणाऱ्या माणसाला प्रवासात संध्याकाळ फार मोठी मिळते. त्या संध्याकाळी काय करायचे, हा प्रश्न आमच्यापुढे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी पाहिली. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा इसवी सन ५७८चा लेख आहे. चौथ्या, जैन लेण्यापर्यंत अण्णा तीन ठिकाणी बसत चढले. पार्श्वनाथांची आणि वेलींनी वेढलेल्या बाहुबलींची मूर्ती पाहताना ते नेहमीप्रमाणे गप्प होते. तिथली माकडे पिशव्यांना सरावलेली आहेत. उघड्या हातात उधारीचे यंत्र घेऊन त्यांच्यासमोर उभे राहण्याचे धाडस मला झाले नाही. जे यंत्र सहज पिशवीत जात नाही, ते प्रवासाचे नव्हे, हे तेव्हा पटले. कीबोर्डविना ते सुमारे नऊशे ग्रॅम होते आणि कीबोर्डासह सव्वा किलोच्या आसपास. तेरा-चौदा इंचांची फिरत्या बिजागरीची यंत्रे बहुधा सव्वा ते दीड किलोची असतात आणि पाटी म्हणून वापरतानाही तो सगळा भार हातावर राहतो. अण्णांना नऊशे ग्रॅमदेखील दहा मिनिटांनंतर मांडीवर ठेवावे लागत होते.

त्या रात्री वीज गेली. मी वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक नेली होती. हा आकडा मोठा वाटतो, पण वॅट-तासांत तो सुमारे ७४ भरतो. वाटेतील गळती वजा जाता पन्नास वॅट-तासांची बॅटरी एकदा भरण्यापुरताच तो होतो. शिवाय मोबाईलसाठी घेतलेली प्रत्येक पॉवर बँक लॅपटॉपला पुरत नाही. ती टाइप-सी वायरीतून किमान ४५ वॅट देणारी हवी. विमानाने जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पॉवर बँक हातातील सामानातच न्यावी लागते आणि साधारणतः शंभर वॅट-तासांपर्यंतचीच विनापरवानगी चालते.

तिसऱ्या दिवशी पट्टदकलवरून ऐहोळेला गेलो. बदामीहून हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. वाटेत मलप्रभेचे पात्र दिसते. मेगुटी हे नाव 'मेलगुडी', म्हणजे वरचे देऊळ, यावरून आले असे सांगतात. पायऱ्यांशी येताच अण्णांनी वर पाहिले, दोन पायऱ्या चढले, थांबले आणि परत उतरले. कडुलिंबाच्या सावलीत एका दगडावर बसत म्हणाले, "तू जाऊन ये. अकराच्या आत फोटो काढू नकोस. सकाळचे ऊन भिंतीवर समोरून पडते, अक्षरे सपाट दिसतात. सूर्य वर सरकू दे." चौपन्न वर्षांपूर्वी त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितलेले त्यांना अजून आठवत होते.

मी वर थांबले. साडेअकराच्या सुमारास ऊन भिंतीला घासून जाऊ लागले आणि एकेका अक्षराला सावली फुटली. एकोणीस ओळी. शक ५५६, म्हणजे इसवी सन ६३४-३५. चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीने हर्षाचा पराभव केल्याचे वृत्त याच दगडावर आहे. पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असेही इथेच म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव त्या दगडावर आहे हे ठाऊक होते. तरी त्यासमोर उभे राहिल्यावर पाय तिथून निघेनात. लेखाच्या शेवटी रवीकीर्तीने आपल्या कवित्वाची कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोलाची असल्याचे सांगितले आहे. त्या आत्मविश्वासामुळेच हे दोन्ही महाकवी इसवी सन ६३४-३५च्या आधीचे, हे अभ्यासकांना निश्चितपणे म्हणता आले.

छायाचित्रे मी मोबाईलनेच काढली. टॅब्लेटचा कॅमेरा कागदपत्रांना पुरतो, पण दगडावरील झिजलेल्या अक्षरांसाठी चांगला मोबाईलच बरा. खाली येऊन वायरीने ती यंत्रात उतरवली. तिथे नेटवर्क क्षीण होते, पण वायरीला त्याची गरज नव्हती. अण्णांनी यंत्र हातात घेतले आणि त्यांना त्यात स्वतःचा चेहरा व वरचे आभाळ दिसले. गुळगुळीत काचेचा पडदा उन्हात आरसा होतो. दुकानाच्या छताखाली हे कधीच लक्षात येत नाही. शेवटी अण्णांनी खांद्यावरचे उपरणे डोक्यावरून पुढे ओढले, त्याच्या सावलीत यंत्र धरले आणि बोटांनी पहिली ओळ मोठी केली.

अर्ध्या पडद्यावर दगड, अर्ध्यावर कीलहॉर्न. अण्णांनी पेन घेतले. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा हात किंचित थरथरतो आणि लिहिताना तळहात टेकवावा लागतो. चांगल्या पेनाच्या यंत्रात टेकलेला तळहात पडद्याला कळत नाही, केवळ पेनाचे टोक कळते. पेन मात्र त्या यंत्राच्या पद्धतीचेच लागते, घरातील दुसऱ्या टॅब्लेटचे चालेलच असे नाही. ते एकेका अक्षराभोवती वर्तुळ काढत होते आणि शेजारी देवनागरीत लिहीत होते. मध्येच त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली, ओळ ताडून पाहिली आणि हसले. त्या काळच्या लिपीत 'व' आणि 'च' फार जवळचे दिसतात. विशीतल्या अण्णांनी एका ठिकाणी 'व'चा 'च' केला होता.

"म्हणून त्या श्लोकाचा अर्थ लागत नव्हता," ते म्हणाले. "मी इतकी वर्षे रवीकीर्तीला दोष देत होतो."

त्या रात्री खरी परीक्षा झाली. एका भाषांतराची मुदत दुसऱ्या सकाळी दहाची होती आणि चार पाने शिल्लक होती. अण्णांना बारावा श्लोक सोडवत नव्हता. यंत्र एक, माणसे दोन. मी काही बोलले नाही, पण त्यांनी ओळखले. "तुझे पोटापाण्याचे आहे, घे," म्हणत त्यांनी पडदा माझ्याकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते झोपलेले नाहीत हे मला कळत होते. मी कीबोर्ड चिकटवला आणि एक वाजेपर्यंत पाने पुरी केली. ती पाने चांगली झाली नाहीत.

परत आल्यावर मी दुकानात गेले तेव्हा माझा प्रश्न बदललेला होता. दुहेरी यंत्र वाईट नाही. एकाच माणसाला दिवसा टंकलेखन आणि संध्याकाळी वाचन, अशी दोन कामे असतील तर ते वस्तू खरोखर कमी करते. बसमध्ये, गाडीत मांडीवर लिहिणाऱ्याने फिरत्या बिजागरीचे घ्यावे. हातात धरून वाचणाऱ्याने, पेनाने लिहिणाऱ्याने सुटणाऱ्या कीबोर्डाचे घ्यावे आणि कीबोर्ड व पेन किमतीत धरले आहेत का, हे आधी विचारावे. रॅम पुष्कळदा नंतर वाढवता येत नाही, तेव्हा सोळा जीबी प्रथमच घ्यावी. पडद्याचा उजेड दाराबाहेर उन्हात नेऊन पाहावा. केवळ वाय-फाय असलेल्या अनेक यंत्रांत जीपीएस नसते, म्हणून नकाशासाठी मोबाईलवरच विसंबावे. पण ते यंत्र दोन कामे करील, तरी एकाच वेळी दोन माणसांचे होणार नाही.

मी साधा लॅपटॉप घेतला. तेवढ्याच ताकदीच्या दुहेरी यंत्रापेक्षा तो स्वस्त पडला. उरलेल्या पैशांत थोडी भर घालून अण्णांसाठी अर्धा किलोच्या आतला, पेनाचा साधा टॅब्लेट घेतला. त्यांनी विरोध केला. घरात एक वस्तू कमी व्हायची ती उलट वाढली, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. मी म्हटले, "अण्णा, अर्धी होणारी दोन्ही कामे मी बदामीला पाहिली." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुना लॅपटॉप कपाटात ठेवू नकोस. दुरुस्त होत असेल तर शेजारच्या मुलीला दे, दहावीला आहे ती." बिजागरी बसवून तो तिला दिला.

सध्या अण्णा पंचविसाव्या श्लोकावर आहेत, नव्याण्णव हजार गावांपाशी. रोज संध्याकाळी जेवण लवकर आटोपून ते खिडकीशी बसतात आणि मी आतल्या खोलीत माझे काम करते. मधूनच हाक येते, "बाळ, जरा इकडे ये, हे अक्षर 'व' आहे की 'च'?" मग मी माझे काम तिथेच ठेवून उठते.