वाल्या आधी की वाल्मीकी?

पुराणकथा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: वाल्या कोळी खरंच होता का? मी विद्यार्थ्यांना रामायणाचं उत्तरकांड उघडायला लावते. रामाच्या सभेत सीतेची ग्वाही द्यायला उभे राहिलेले वाल्मीकी तिथे स्वतःची ओळख सांगतात, की मी प्रचेतसाचा दहावा मुलगा. मनाने, कृतीने, वाणीने आपल्याकडून कधी पाप घडलेलं नाही, असंही ते ठासून सांगतात. वाटमारीचं नावसुद्धा नाही. अशा माणसाच्या खात्यावर आपण खड्यांनी भरलेले सात रांजण मांडले!

नायक आधी येतो, त्याची मूळकथा मागाहून. महाभारतात कृष्ण पहिल्यांदा भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, चांगला जाणता. त्याचं गोकुळातलं बाळपण सविस्तर येतं ते हरिवंशात, म्हणजे महाभारताच्या पुरवणीत. कॉमिक्समधला बॅटमन मे १९३९च्या अंकात अवतरला. आईवडिलांच्या खुनाची हकिगत वाचकांना मिळाली ती नोव्हेंबरच्या अंकात.

असं का होतं? नायकाची करणी श्रोत्याला स्वस्थ बसू देत नाही. क्रौंच पक्ष्याला बाण लागला आणि वाल्मीकींच्या तोंडून श्लोक निघाला. अरण्यात शिकार काय नवी? मग हाच ऋषी एवढा का कळवळला? मला वाटतं, वाल्याची कथा या प्रश्नाचं उत्तर आहे: बाण सोडणारा हात त्याच्या ओळखीचा होता.

उत्तरही सगळ्यांनी एकच दिलं नाही. अध्यात्मरामायणात वाल्मीकी स्वतःच रामाला आपलं पूर्वायुष्य ऐकवतात. तिथे ते जन्माने ब्राह्मण आहेत, किरातांत वाढून बिघडलेले; त्यांना वाटेवर आणतात सप्तर्षी. म्हणजे सुटलेलं घर परत सापडलं, एवढंच. मराठी कीर्तनातल्या वाल्याला परतायला असं घरच नाही. त्याला नारद भेटतो आणि तो जे होतो ते नव्याने होतो. म्हणूनच ही कथा सामान्य श्रोत्याला जवळची वाटते. तिचा काच मात्र कोळी या जातीच्या नावाला लागतो, हे विसरू नये. वाल्मीकी समाजातल्या अनेकांनाही दरोडेखोराची ही कथा मुळीच मान्य नाही.

दोन्ही कथांत कलाटणी देतं ते घरच्यांचं उत्तर. तुझ्या पापात आमचा वाटा नाही, असं बायकामुलं सांगतात. रामनाम त्यानंतर. एका नकाराने आयुष्य फिरतं, हे श्रोत्याला पटतं, कारण असा नकार त्यानेही पचवलेला असतो.

पण मूळकथेच्या नादात पुढचं निसटतं. मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथातला खुनी अंगुलिमाल भिक्षू झाल्यावर भिक्षेला निघतो, तेव्हा लोकांची ढेकळं आणि दगड त्याला लागतात. डोकं फुटतं, पात्र फुटतं, चीवर फाटतं. बुद्ध त्याला ते सोसायला सांगतात. तो खुनाकडे वळला कसा, हे मूळ सुत्त सांगत नाही. गुरूने हजार बोटं मागितल्याची गोष्ट नंतरच्या अट्ठकथेतली, म्हणजे भाष्यातली आहे. आपल्या तोंडी राहिली ती हीच गोष्ट, दगड नाही राहिले. साहजिक आहे. मूळकथा ऐकताना आपण वाल्याच्या जागी असतो. पुढची ऐकायची तर दगड मारणाऱ्यांत उभं राहावं लागतं.