बर्फ, आत्या आणि मिस्ड कॉल

महाबळेश्वरला ‘स्नोफॉल’ झाला म्हणून गाडी काढली. बर्फ काही पडला नव्हता. पण जास्त सेफ कोण, पुण्यातली मी की गावातली आत्या, हा प्रश्न मात्र पडला तो पडलाच!

दरवर्षी एकदा हे होतंच. जानेवारीचा शेवट नाहीतर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. ऑफिसात कंटाळवाणी स्टेटस मीटिंग चालू असते आणि टेबलाखाली कुणाचा तरी मोबाइल थरथरतो. ‘महाबळेश्वरला बर्फ पडला!!!’ सोबत फोटो. गाडीच्या टपावर पांढरा थर, त्यावर बोटाने काढलेलं बदाम. बस्स, लंचला प्लॅन शिजतो. मनाली परवडत नाही, रजा तर त्याहून परवडत नाही. मग एकशेवीस किलोमीटरवर स्नोफॉल मिळत असेल तर कोण सोडेल?

अशाच एका फेब्रुवारीत आम्ही तिघी निघालो. साताऱ्याहून आईचा फोन आला, “जातेच आहेस तर आत्याकडे उतर. आणि येताना तिला घेऊनच ये.”

हे ‘घेऊनच ये’ प्रकरण तसं जुनं. माझी आत्या भिलारला राहते. हो, तेच पुस्तकांचं गाव, पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यापासून ती एकटी आहे. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी एक खोली तयार ठेवली आहे. गीझर, टीव्ही, लिफ्ट, गेटवर वॉचमन, सगळं काही. आत्या मात्र हलायला तयार नाही. आता या मोहिमेवर मी!

बर्फ नव्हे, दव!

पहाटे पाचला उठून, टोपी-मफलरसकट आम्ही वेण्णा लेकवर हजर. अंधारात आधी काहीच दिसेना. मग मोबाइलचा टॉर्च मारला आणि बोटिंगच्या जेट्टीच्या फळ्या चक्क चकाकल्या. नखाने खरवडलं तर पांढरा भुगा हातात. गवताची पाती साखरेत घोळल्यासारखी. शेजारी एक कुटुंब बाटलीच्या झाकणात ‘स्नो’ गोळा करत होतं. आम्हीही फोटो काढले, खोटं कशाला बोलू?

पण मंडळी, हा स्नोफॉल नाही. वरून काही पडतच नाही. हे रात्री पडलेलं दव, जागच्या जागी गोठलेलं. मराठी पेपरवाले त्याला ‘हिमकण’ म्हणतात, तो शब्द त्यातल्या त्यात बरोबर. आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. थंड हवा जड असते, ती उतरून सखल भागात साचते. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याचा परिसर असाच खोलगट, त्यात पाण्याचा ओलावा. म्हणून बाजारपेठेत नुसती थंडी असते आणि इथे मात्र फळ्या पांढऱ्या! फेब्रुवारी २०१९ मध्येही इथे असेच हिमकण दिसले होते.

आणखी एक गंमत. वेधशाळेचं थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतं. त्यामुळे पेपरात कधीकधी पाच-सहा अंश छापून येतात आणि त्याच पहाटे गवताच्या पात्यावर शून्य असतं. दोन्ही आकडे खरे. तुम्ही कुठे मोजता, एवढाच फरक. (आपल्या पुण्याचा विक्रम १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश. तेव्हा स्वेटर न घालता मॉर्निंग वॉकला जाणारे पुणेकर होते का, कोण जाणे!)

साडेसात-आठला ऊन आलं आणि शो संपला. फळ्या नुसत्या ओल्या.

घरी परतलो तर आत्या स्ट्रॉबेरीच्या सऱ्यांमध्ये वाकून उभी. काही रोपांवर तिने रात्री जुन्या साड्या टाकल्या होत्या. ज्यांना साडी पुरली नाही, त्यांची पानं काळसर पडली होती.

“बघितला बरफ?” ती म्हणाली. “तुम्हाला मजा हाय. आमची पानं करपली.”

कोण कुणाला घाबरतं?

दुपारी ओट्यावर बसून मी विषय काढला. “आत्या, इथे एकटीने राहणं सेफ नाही गं.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. रात्री गवे येतात. पावसाळ्यात दरडी कोसळतात. ते माळीण आठवतंय ना? आणि तळिये?”

हे मला टीव्हीवरून पाठ होतं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये, ऐंशीहून अधिक. त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो, जवळपास तितका. एका दिवसात!

आत्या शांतपणे लसूण सोलत होती. “आणि तुझ्या पुण्यात काय झालं? त्या बेकरीत बाँब फुटला. ओढ्याला पाणी आलं तर भिंती पडून माणसं वाहून गेली. आणि ती कंपनीतली पोरगी, गाडीवाल्यानंच मारली तिला. तू रातच्याला अकराला येतीस म्हणं घरी. मला इथं झोप लागत न्हाई.”

मी गप्प. कारण तिचंही सगळं खरं होतं. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा जण गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला; त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक जण दगावले. आणि २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीचा खून कॅबचालकाने आणि त्याच्या साथीदाराने केला. त्यानंतर रात्रीच्या कॅबचे नियम कडक झाले, पण आईचे फोन काही कमी झाले नाहीत.

म्हणजे बघा, ती पुण्याला टीव्हीवरून ओळखते आणि मी गावाला. टीव्हीवर रोजचा दिवस कधीच दाखवत नाहीत. मी शेकडो वेळा अकराला घरी आले आणि काही झालं नाही, याची बातमी होत नाही. ती शेकडो वेळा गव्याला वाट देऊन शेतातून परत आली, याचीही होत नाही. दुसऱ्याच्या जागेची आपण फक्त सर्वांत वाईट रात्र मोजतो. स्वतःच्या जागेची मात्र सवय होते.

इतक्यात शेजारच्या वैनींच्या घरात चार अनोळखी पोरं शिरली. सरळ आत! वैनींनी पाणी विचारलं आणि परत भांडी घासायला गेल्या. त्यांच्या पुढच्या खोलीत पुस्तकांची कपाटं आहेत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने भिलारला पुस्तकांचं गाव केलं, तेव्हा पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली. त्यातली बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत. कुणीही यावं, बसावं, वाचावं. माझी मैत्रीण हादरलीच. आमच्या सोसायटीत पिझ्झावाल्यालासुद्धा ओटीपी लागतो!

“काकू, चोरीबिरी होत नाही?” तिने विचारलं.

“पुस्तक चोरून पळून कुठं जातंय माणूस?” वैनी हसल्या. “आणि वाटेत चार जण विचारतात की, कुणाकडं आलावता म्हणून.”

ती रात्र

रात्री शेकोटीपाशी मात्र आत्या आपणहून बोलली. मामांच्या रात्रीबद्दल. तो २०२१ चाच जुलै.

रात्री एकला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तिने पितळी ताट वाजवलं. पाच मिनिटांत अंगणात सात माणसं होती. कुणी गाडी काढली, कुणी मामांना उचललं, कुणी घराला कुलूप लावून म्हशीकडे बघायला थांबलं. पण पाऊस असा की समोरचं दिसेना. वाटेत झाड आडवं पडलेलं. कुऱ्हाडी आणून ते तोडेपर्यंत पाऊण तास गेला. घाट उतरून वाईला पोचायला साडेतीन वाजले. मामा वाटेतच गेले होते.

“माणसं कमी न्हाई पडली,” आत्या म्हणाली. “रस्ता कमी पडला.”

शेकोटीत काटकी टाकत तिने विचारलं, “तुझ्याकडं ताट वाजवलं तर कोण येतं?”

आता माझी पाळी होती. मग मी तिला ते सांगितलं, जे आईलाही सांगितलं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात मला डेंगी झाला. वाकडच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर, मी तीन दिवस एकटी तापाने पडून होते. दोन किलोमीटरच्या आत तीन मोठी हॉस्पिटलं. लिफ्ट चालू, सीसीटीव्ही चालू, गेटवर दोन वॉचमन. दुसऱ्या रात्री बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. किती वेळ पडले होते, माहीत नाही. फरशी गार लागल्यावर जाग आली. समोरच्या दाराआडून मालिकेचं टायटल साँग ऐकू येत होतं. पण त्या घरातल्या बाईंचं नाव मला माहीत नव्हतं. काय म्हणून हाक मारणार? चौथ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशी गावाहून परतल्या आणि त्यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून पुढे सगळं व्यवस्थित झालं. सलाइन, रिपोर्ट, प्लेटलेट्स, सगळं अर्ध्या तासात!

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजे तुझ्याकडं रस्ता हाय, माणूस न्हाई.”

मग ठरलं काय?

आम्ही सेफ्टी-सेफ्टी म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो, हे मला त्या रात्री कळलं. आपल्याला काही झालंय हे कुणाला तरी कळणं, ही पहिली. कळल्यावर मदत वेळेत मिळणं, ही दुसरी. पहिल्यात गाव शहराच्या कितीतरी पुढे. दुसऱ्यात शहर. आणि एकीवाचून दुसरी फारशी कामाची नाही. सात माणसं असून मामा वाचले नाहीत आणि तीन हॉस्पिटलं असून मी फरशीवर पडून होते.

त्यामुळे आत्याला ‘घेऊन’ वगैरे काही मी आले नाही. पण आमचं एक डील झालं. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, घाटाचा भरवसा नसतो तेव्हा, ती दादाकडे पुण्याला राहणार. म्हैस वैनींकडे. स्ट्रॉबेरीची लागवड पाऊस ओसरल्यावरच करायची असते, तोवर ती परत! उरलेले महिने ती भिलारलाच. आणि रोज सकाळी सातला ती मला मिस्ड कॉल देणार. उचलायचा नाही, पैसे वाचवायचे. (कॉल आता फुकट असतात, हे तिला पटत नाही.) तिचा आला नाही तर मी वैनींना फोन करायचा.

“आणि तू मला उलटा मिस्ड कॉल द्यायचा,” तिने बजावलं. “न्हाईतर मी कुणाला फोन करू? तुझ्या शेजारणीचा नंबर दे.”

नंबर? माझ्याकडे तर नावही नव्हतं.

रविवारी संध्याकाळी पुण्यात पोचले. हातात आत्याने दिलेला स्ट्रॉबेरीचा डबा होता. बॅग दाराशी ठेवली आणि समोरची बेल दाबली. चार वर्षांत पहिल्यांदा! दार साखळीएवढंच उघडलं. आतल्या बाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुम्ही… समोरच्या ना?” त्या म्हणाल्या. “अहो, पावसाळ्यात बरेच दिवस तुमचे पेपर दारात पडून होते. मला वाटलं, गावी गेलात.”

साखळी निघाली. आता त्यांचा नंबर आत्याकडे आहे.

जायचंय?

कसं जाल : स्वारगेटहून महाबळेश्वरला थेट एसटी आहेत. स्वतःची गाडी असेल तर वाई, पसरणी घाट, पाचगणी. भिलार पाचगणीच्या पुढे, मुख्य रस्त्यावरून थोडं आत.

कधी जाल : हिमकणांची खात्री कुणीच देत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, निरभ्र आणि बिनवाऱ्याची रात्र हवी. पहाटे सहा ते साडेसात, वेण्णा लेक किंवा लिंगमळा. उठायचा कंटाळा असेल तर नका जाऊ!

एवढं पाळा : पहाटे घाटात धुकं असतं, गाडी दमानं चालवा. शेतात शिरून रोपांवर फोटो काढू नका. आणि निघण्याआधी शेजारी सांगून जा. शेजाऱ्यांचं नाव माहीत नसेल, तर आधी ते विचारा.