सतरा वर्षांची उधारी

सहाव्या फेरीत रॉय जोन्सचा ठोसा बर्नार्ड हॉपकिन्सच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. तिथे मारणं नियमाबाहेर आहे, कारण कवटी आणि मणका जिथे जुळतात ती जागा फार नाजूक. हॉपकिन्स खाली गेला आणि मानेमागे हात धरून पडून राहिला. रेफरी टोनी वीक्स त्याच्यावर वाकले. प्रेक्षक हुर्यो उडवत होते. थोड्या वेळाने तो उठला तो संतापाने पेटूनच, आणि फेरी संपल्याची घंटा झाल्यावरही दोघे एकमेकांवर हात चालवत राहिले. कोपऱ्यातली माणसं धावत रिंगमध्ये घुसली.

3 एप्रिल 2010, लास वेगासचं मँडले बे. खाली पडला होता तो 45 वर्षांचा, पाडणारा 41 वर्षांचा. आणि ही लढत झालीच पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं भांडणाऱ्यांमध्ये मी एक होतो.

या दोघांची पहिली गाठ पडली 22 मे 1993 ला, वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियममध्ये. आयबीएफचं मिडलवेट जगज्जेतेपद रिकामं होतं. जोन्स 24 चा, हॉपकिन्स 28 चा. जोन्स जिंकला, तिन्ही परीक्षकांनी 116-112 असेच गुण दिले. उजवा हात दुखावलेला असतानाही आपण जिंकलो, असं जोन्स पुढे सांगत असे. हॉपकिन्सच्या मनातून मात्र ती रात्र कधी गेलीच नाही. जोन्सने वरच्या वजनी गटात जाताना सोडलेला तोच पट्टा 1995 मध्ये त्याने मिळवला, सलग वीस वेळा राखला, 2001 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फेलिक्स त्रिनिदादला हरवून तो मिडलवेटचा निर्विवाद राजा झाला. तरी त्याच्या नावामागे एक वाक्य चिकटलेलंच राहिलं: पण जोन्सकडून हरला होता.

माझा एक कॉलेजातला मित्र हॉपकिन्सवाला, मी जोन्सवाला. आम्ही दोघांनी कॉलेजात दोन वर्षं ग्लोव्ह्ज घातले होते, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मार खाल्ला होता, त्यामुळे दोघांच्या बोलण्याला आपापल्या परीने अनुभवाचा आधार होता. त्याला हॉपकिन्स का आवडायचा हे मला तेव्हाही कळत होतं. फिलाडेल्फियातला मुलगा, सतराव्या वर्षी दरोड्यांच्या गुन्ह्यांत अठरा वर्षांची शिक्षा झालेला. ग्रेटरफर्डच्या तुरुंगात बॉक्सिंगने त्याला हात दिला. जवळपास पाच वर्षांनी, 1988 साली, तो बाहेर आला. ऑक्टोबरमध्ये पहिली व्यावसायिक लढत खेळला आणि हरला. तिथून पुढे दारू नाही, जिभेचे लाड नाहीत, बारा महिने लढतीच्या वजनाच्या आसपास राहणं. मित्र म्हणायचा, "अरे, जोन्सला देवाने दिलंय. ह्याने कमावलंय."

जोन्सला देवाने दिलं होतं, यात शंका नाही. मी ते ज्या दिवशी पाहिलं तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. फेब्रुवारी 2002, मायामी, समोर ऑस्ट्रेलियाचा ग्लेन केली. सातव्या फेरीत जोन्सने दोन्ही हात पाठीमागे घेतले. म्हणजे चेहरा उघडा, हनुवटी उघडी. केलीने ठोसा टाकला, जोन्सने नुसतं अंग काढून तो हुकवला आणि पाठीमागचा उजवा हात असा फिरवून आणला की केली खाली गेला आणि वेळेत उठू शकला नाही. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली आहे. हात कुठून निघतो हेच दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की केलीचा ठोसा निघायच्या आधीच जोन्सला तो कळलेला असतो.

त्याच वर्षी जोन्स-हॉपकिन्स फेरलढतीची बोलणी चालू होती. दोघेही आपापल्या गटात अव्वल, दोघांमध्ये अजून भरपूर धमक. आणि अडलं कुठे, तर वाटणीवर. जोन्स म्हणाला साठ-चाळीस, हॉपकिन्स म्हणाला पन्नास-पन्नास. कुणीच हटलं नाही. त्यावरही आम्ही भांडलो. मी म्हणायचो, जिंकलेल्याने जास्त मागितलं तर चुकलं काय? आज वाटतं, या गोष्टीत चूक झाली ती तिथेच. लढायचं वय तेव्हा होतं आणि ते दोघांनी आकड्यांवरून वाया घालवलं.

वय वाया गेलं की ते कसं जातं, हे जोन्सच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. मार्च 2003 मध्ये त्याने 193 पौंड वजन करून हेवीवेट जगज्जेत्या जॉन रुइझला हरवलं. मिडलवेटचा जगज्जेता राहिलेल्या कुणाला हेवीवेटचा पट्टा जिंकणं 1897 च्या बॉब फिट्झसिमन्सनंतर जमलं नव्हतं. मग तो पुन्हा 175 पौंडांवर उतरला. उतरवलेलं ते वजन बहुतेक स्नायूंचंच होतं, आणि माझ्या मते तिथेच काहीतरी कायमचं निघून गेलं. मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने दुसऱ्या फेरीत त्याला आडवं केलं. सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने असं पाडलं की तो बराच वेळ पाठीवर निपचित पडून होता. ज्याला ठोसा निघायच्या आधी कळायचा, त्याला आता तो लागल्यावर कळत होता.

कॉलेजात आमचे प्रशिक्षक सांगायचे, की दिसलेला ठोसा माणूस पचवतो, न दिसलेला पाडतो. वय वाढतं तेव्हा यात तिसरी तऱ्हा येते. ठोसा दिसतो, ओळखूही येतो, शरीर मात्र ठोसा पोचायच्या आत जागेवरून हलत नाही. निसटता अर्धा क्षण. हॉपकिन्स त्या अर्ध्या क्षणावर कधीच विसंबून नव्हता. तो बिलगायचा, खांदा लावायचा, डोकं घुसवायचा, फेरीचं घड्याळ आपल्या मुठीत ठेवायचा. म्हणून तो टिकला. जोन्सची सगळी विद्या त्या अर्ध्या क्षणात होती.

आणि ही फक्त हरण्या-जिंकण्याची बाब नाही. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, कवटी आणि मेंदू यांच्यातल्या बारीक शिरा ताणल्या जातात. तोच ठोसा पंचविशीत डोकं सुन्न करून जातो आणि चाळिशीनंतर आत रक्तस्राव करू शकतो. 1980 साली 38 वर्षांचा मुहम्मद अली लॅरी होम्सपुढे उभा राहिला, त्याच्या आधी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली होती. बोट नाकाला लावताना त्याचा नेम किंचित चुकत होता, एका पायावर उडी मारणं नीट जमत नव्हतं. हे कागदावर लिहिलेलं होतं. तरी परवानगी मिळाली. होम्स एकेकाळी अलीच्याच सरावात त्याच्यासमोर उभा राहायचा. दहाव्या फेरीनंतर अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली तोवर अलीने एकही फेरी जिंकली नव्हती. होम्स नंतर रडला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही 2009 च्या अखेरीस मी काय म्हणत होतो ते मला आठवतं.

जोन्स-हॉपकिन्स फेरलढतीची बोलणी तेव्हा पक्की होत आली होती. मधल्या लढती दोघांनी जिंकायच्या, अशी अपेक्षा. 2 डिसेंबरला, तारखेने एकाच दिवशी, हॉपकिन्सने फिलाडेल्फियात एन्रिके ऑर्नेलासला हरवलं आणि जोन्सला सिडनीमध्ये डॅनी ग्रीनने पहिल्याच फेरीत संपवलं. दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. मला वाटलं, खूश असेल. तो म्हणाला, "आता नको रे हे. आता हॉपकिन्स जिंकला तरी काय जिंकला?"

मी त्याच्याशी तासभर वाद घातला. हिशेब अर्धवट राहू नये, असं माझं म्हणणं. दोघांनाही हवी आहे, दोघांचंही नाव त्यात अडकलंय, आपण कोण अडवणारे? शिवाय जोन्स एका रात्रीसाठी तरी जुना जोन्स होईल, हे मी मनापासून मानत होतो. मित्र शांतपणे म्हणाला, "तुला लढत नको आहे. तुला 1993 पाहिजे." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. बहुधा विषय बदलला.

बॉक्सिंगच्या चाहत्यांच्या वादात हे सतत होतं. कुणाचा डावा हात चांगला, कुणाचे पाय अजून चालतात, कुणाची हनुवटी गेली, असे मुद्दे आम्ही मांडतो आणि त्यांत तथ्यही असतं. पण त्या मुद्द्यांच्या तळाशी प्रत्येकाचं स्वतःचं एक वर्ष असतं. ज्या वर्षी आपण तरुण होतो, रात्री जागायचो, अमका जिंकला म्हणून दुसऱ्या दिवशी छाती काढून चालायचो. तो खेळाडू संपला हे मान्य केलं की ते वर्षही संपतं. म्हणून आम्ही त्याला पुन्हा उभा करतो, आणि त्याची किंमत त्याच्या डोक्याने भरायची असते. मी हे दुसऱ्या कुणाबद्दल बोलत नाही. मी स्वतः हे केलं आहे.

लढत झाली. हॉपकिन्स 117-110, 118-109, 117-110 असा एकमताने जिंकला. बारा फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ बिलगाबिलगी, ढकलाढकली, डोक्यामागे मारणं, कमरेखाली मारणं. जोन्स ठोसा टाकायच्या बेताने खांदा उचलायचा आणि हात तिथेच थांबायचा. हे मी जवळून पाहिलं, एकेक फेरी थांबवून. त्याला फट दिसत होती. डोळे तिकडे वळत होते. हात येत नव्हता. पाठीमागे हात बांधून केलीला पाडणारा माणूस तोच होता आणि मला पुढचं बघवेना, तरी मी शेवटपर्यंत बघितलं, कारण बघितलं नाही तर ते आणखी वाईट झालं असतं. ती लढत मी मागितली होती.

मित्राचं मत मला आज शंभर टक्के पटतं, तरी एक गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते आणि ती नोंदवायला हवी. हॉपकिन्स तिथे थांबला नाही. पुढच्या वर्षी, 21 मे 2011 ला, माँट्रियलमध्ये त्याने जाँ पास्कलला हरवलं आणि 46 व्या वर्षी जगज्जेतेपद जिंकून जॉर्ज फोरमनचा विक्रम मोडला. सातव्या फेरीआधी, पास्कल अजून स्टुलावर असताना, हा माणूस रिंगमध्ये जोर मारत होता. 49 व्या वर्षीही त्याने पट्टा जिंकला. मग म्हाताऱ्यांनी लढू नये असं सरसकट म्हणता येईल का? मला वाटतं, फरक समोरच्या माणसात आहे. पास्कल त्या दिवशीचा जगज्जेता होता आणि त्या दिवशीच्या हॉपकिन्सशी लढला. जोन्सशी जी लढत झाली तीत दोघेही हजर नव्हते. एक जण 1993 मधल्या हरण्याशी लढत होता, दुसऱ्याला दिलेला शब्द पाळायचा होता.

आणि हॉपकिन्सलाही शेवट सुटला नाही. डिसेंबर 2016, वय एक्कावन्न, जो स्मिथने ठोसे मारत त्याला दोरांमधून रिंगच्या बाहेर पाडलं.

जोन्सही लढत राहिला. 2020 मध्ये 54 वर्षांच्या माइक टायसनसमोर प्रदर्शनी सामन्यासाठी उभा राहिला. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या. लगेच चाहत्यांची पुढची मागणी आली, टायसन आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी होलीफील्ड तिसऱ्यांदा. तीही माझ्यासारख्यांचीच. ती लढत झाली नाही. 2021 मध्ये 58 वर्षांचा होलीफील्ड मग व्हिटर बेलफोर्टसमोर गेला आणि पहिल्याच फेरीत संपला. मी ती पाहिली नाही. यापुढे अशी कुठलीच पाहणार नाही. वाचकांपैकी कुणाला या खेळाचं वेड असेल तर त्यांनाही हेच विनवतो, कारण अशा लढती मागणी आहे म्हणून होतात.

जोन्सची अजून एक उधारी होती, हॉपकिन्सच्या आधीची. 2 ऑक्टोबर 1988, सोल ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर यजमान देशाचा पार्क सी-हुन. मोजणीत जोन्सचे 86 ठोसे लागले, पार्कचे 32. पाचपैकी तीन परीक्षकांनी कौल पार्कला दिला. पार्कही त्या पदकाबरोबर सुखाने जगू शकला नाही, त्याच्या देशातही लोकांनी त्याला ते विसरू दिलं नाही. या दोघांची फेरलढत कधी झाली नाही. 2023 मध्ये पार्क अमेरिकेला गेला, फ्लोरिडात पेन्साकोलाला, जोन्सच्या गावी. मुलगा सोबत होता, वडिलांचं बोलणं इंग्रजीत सांगायला. पार्कने पदक बाहेर काढलं आणि हे तुझं आहे असं सांगून जोन्सच्या हातात दिलं. जोन्सला रडू आवरेना.

ऑलिंपिकच्या नोंदीत ते सुवर्ण आजही पार्क सी-हुनच्या नावावर आहे.