रोवणी ते मळणी

आषाढातली गोष्ट. पवनी तालुक्यातल्या आमच्या गावी रोवणीला जोर आला होता. कॉलेजला दांडी मारून मीही बांधीत उतरले होते. संध्याकाळी विहिरीवर मोठ्याईच्या लुगड्याला डाग दिसला. तिची पाळी जाऊन सात वर्षे झाली होती. माझी नजर ओळखून ती हलकेच म्हणाली, "कोणाले सांगू नोको, पोरी. कामाची गर्मी हाये, जाईल."

आणि मी खरोखरच कोणाला सांगितले नाही!

धानकापणी झाली, दिवाळी झाली, मळणी आली. एका सकाळी मोठ्याई खळ्यावरच मटकन खाली बसली, तेव्हा कुठे घरात कळले. भंडाऱ्याला सोनोग्राफी झाली, मग नागपूरला तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग!

"मोठ्याई वाचेल ना?" मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी कागदावर उलट्या पेरूसारखे गर्भाशय काढले आणि मला समजावले. रोग गर्भाशयातच आहे की बाहेर गेला, हे सर्वांत महत्त्वाचे. तो स्नायूंच्या भिंतीत निम्म्याहून खोल शिरला का, लसिकाग्रंथींत पोचला का, पेशी कोणत्या जातीच्या आणि किती बिघडलेल्या, रोग्याचे वय व प्रकृती कशी, यांवर पुढचे अवलंबून. आता पेशींतील जनुकांचे बदलही पाहतात. २०२३ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने रोगाचे टप्पे ठरवताना त्यांनाही स्थान दिले. अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग गर्भाशयापुरताच असताना सापडला, तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ९५ टक्के असते. दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते २० टक्क्यांच्या आसपास येते.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेगळा. त्यासाठी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून खेडोपाडी स्त्रियांची तपासणी झाली. एचपीव्ही विषाणूच्या एकाच चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. अस्तराच्या कर्करोगासाठी मात्र अशी सरसकट चाचणी नाही. तिथे शरीर स्वतःच दवंडी पिटते. पाळी गेल्यावर दिसलेले रक्त हीच ती दवंडी. असे रक्त दिसणाऱ्या दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. पण दहावी कोण, हे तपासल्याशिवाय कसे कळणार?

मोठ्याईचा रोग ग्रंथींपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, शेक झाले, सलाइनमधून औषधे झाली. त्याला आता दोन पावसाळे लोटले. दर तपासणीला आम्ही जीव मुठीत धरून नागपूरची एस.टी. पकडतो. एकदा न राहवून मी बाईंना विचारले, "आषाढातच आणले असते तर?"

त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "पेशींची जात कोणाच्याच हाती नसते. ते पाच महिने मात्र हाती होते."

मैत्रिणींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्या घरांत तापाची, खोकल्याची चर्चा चारचौघांत होते. या रक्ताची मात्र लाज वाटते. तिला लाज होती, पण मी तर शिकलेली होते ना?

यंदाच्या रोवणीला मोठ्याई बांधावर बसून होती. शेजारच्या काकू तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. मोठ्याई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाजतेस कायले? उद्या सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याले जाऊ. रोवणी राहू दे!"

चिखलात उभी राहून मी ते ऐकले आणि मान खाली घातली.