अर्ध्या मिनिटाची माणसं



वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी माणसं काढायला शिकते आहे. रांगोळी, स्वस्तिक, कलश आपल्या सगळ्यांच्या हातात असतात. माणूस म्हटला की हात अडतो. नात यंदा इंटरमिजिएटला बसते आहे. स्मरणचित्राच्या पेपरात बाजार, बसथांबा असे प्रसंग येतात, म्हणजे माणसं आलीच. तिच्या चित्रकलेच्या बाईंनी सरावाची जी पद्धत दिली, ती तिच्याबरोबर मीही धरली. तिला जेश्चर ड्रॉइंग म्हणतात.

नियम थोडेच, पण आपल्या सवयीच्या उलटे. मोबाइलवर तीस सेकंदांचा गजर लावायचा. खोडरबर घ्यायचं नाही. नाक-डोळ्यांपासून सुरुवात करायची नाही. पहिली रेघ डोक्यापासून पाठीच्या कण्यातून थेट ज्या पायावर भार आहे त्या टाचेपर्यंत, एका ओघात. हात मनगटातून नव्हे, खांद्यातून फिरवायचा. गजर वाजला की थांबायचं, मग हात राहो नाहीतर डोकं. किमॉन निकोलाइडिस नावाच्या अमेरिकन शिक्षकाचं 'द नॅचरल वे टू ड्रॉ' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1941 साली आलं, त्यातही हा सराव अगदी सुरुवातीलाच आहे. माणूस कसा दिसतो ते नंतर, आधी तो काय करतो आहे ते काढा.

कला महाविद्यालयात यासाठी माणूस समोर बसवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधल्या अशाच एका मॉडेलवर रवी जाधव यांचा 'न्यूड' हा चित्रपट 2018 साली आला होता. काही जणींच्या भुवया आत्ताच वर गेल्या असतील! घाबरू नका, दिघाशीत माझी मॉडेलं म्हणजे घरची माणसं आणि गच्चीवरून दिसणारी बायाबापडी, सगळी आपापल्या लुगड्या-शर्टात.

मी बी. कॉम., त्यामुळे जमा-खर्चासारखं मांडलं की मला लवकर उमजतं. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या बाईचा हिशेब असा: भाराच्या बाजूची कंबर वर, त्याच बाजूचा खांदा खाली. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो त्याच पायाशी उतरतो. कडेवर मूल असेल तर धड उलट्या बाजूला कलतं. आपल्या खड्गासनातल्या मूर्तीत मात्र भार दोन्ही पायांवर सारखा आणि हात सरळ खाली सोडलेले. ती काढायला सोपी वाटली होती. सर्वांत अवघड तीच. कुठे कलच नाही, तर रेघ धरायची कशाला?

आणि ज्यांनी हे कुठल्याही शाळेत न जाता केलं ते आपल्या ठाणे-पालघरचे वारली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला. वरचा त्रिकोण जरा कलला की तो नाचतो, वाकतो, ओझं उचलतो. लग्नघरातला चौक पूर्वी सवाशिणीच लिहायच्या, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या चावलेल्या काडीने. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे पुढे आले, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आवणीच्या वेळी ओळीने वाकलेल्या बायका पाहिल्यावर मला नाक-डोळे आठवतच नाहीत, त्रिकोण आठवतात.

घरातलं माझं मुख्य मॉडेल म्हणजे सासूबाई. वय शहाऐंशी. सामायिकाला बसल्या की मी कागद बाजूला ठेवते, एरवी दिवसाला चार-पाच चित्रं होतात. "माझं तोंड तरी काढ गं," असं त्या रोज म्हणतात.

हिशेबाची सवय, म्हणून प्रत्येक पानावर तारीख घालते. चैत्रात सगळी पानं लावायला घेतली. पौष-माघातल्या चित्रांत आईंचे दोन्ही हात मांडीवर किंवा पदराशी होते. फाल्गुनापासून उभ्या असलेल्या प्रत्येक चित्रात एक हात बाहेर, आणि त्याच्या शेजारी एक उभी रेघ. ती भिंत होती. तीस सेकंदांत मी भिंत मुद्दाम काढणार नाही, पण हात तिथे टेकलेला, म्हणून रेघ आपोआप आली. स्वयंपाकघरातून देवघराकडे, देवघरातून अंगणाकडे, सगळीकडे उजवा हात भिंतीला. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, सवय."

मुलाला पानं दाखवली. तो बराच वेळ उलटत बसला. दुसऱ्याच दिवशी न्हाणीघरात स्टीलचा दांडा बसला, आणि आईंना डॉक्टरांकडे नेलं. गुडघे वयाच्या मानाने ठीक निघाले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्या बाजूचं नीट दिसत नव्हतं, म्हणून उजवीकडची भिंत धरून चालत होत्या. आम्हाला त्रास नको म्हणून बोलल्या नव्हत्या. हे तुमच्याही घरी होत असेल.

आईंनी चित्रं चष्मा लावून पाहिली. "एवढ्या चित्रांत भिंत तेवढी बरी जमलीय," म्हणाल्या.

ऑपरेशन या महिन्याच्या अखेरीस आहे. नंतर काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं सांगितलं आहे. म्हणजे त्या खुर्चीत बसून राहणार आणि मी समोर. नातीने मला आता गजर दोन मिनिटांवर न्यायला परवानगी दिली आहे.